पाहिलेल्या कागदाचीच तळटीप

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर तू विचारलंस, "सर, चॅटजीपीटी वापरलं तर मी चोर ठरते का?" मार्गदर्शक म्हणतात हात लावू नकोस, सोबतची मुलं म्हणतात सगळेच वापरतात, आणि तू रात्री गुपचूप वापरून सकाळी तोंड लपवतेस. साधन कोणतं वापरलंस, हे मी विचारणारच नाही. तळटीप दिलीस तो कागद स्वतः पाहिलास का, एवढंच विचारीन.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशावर लिहिलं आहेस. तारीख बरोबर, पन्नास टक्के जागा बरोबर. पण खाली दिलेले दोन लेख कुठल्याच अंकात नाहीत. मी शोधले. यंत्रानं ते रचलेत. मागच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, ते हिशेबानं जुळवत जातं. तळटीपही तशीच जुळवतं. जुने कागद बांधलेला रुमाल सोडून कागद बघायचं काम तुझं होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. दंड वकिलांना झाला, यंत्राला कोण करणार? त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं अशा साधनाला लेखक म्हणून मान्यता नाकारली, ती याच कारणानं: लिहिलेल्याचा जाब ते देऊ शकत नाही. तुला द्यावा लागेल.

जुना माणूस म्हणून बोलतोय असं समजू नकोस. माझे इंग्रजीतले लेख केवळ भाषेपायी परत यायचे. आजऱ्याकडच्या मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्याला तेव्हा हे साधन मिळालं असतं तर, ही हळहळ अजून जात नाही. म्हणून इंग्रजी बिनधास्त नीट करून घे आणि प्रबंधात तसं लिही. लाज कसली त्यात? लाज वाटू दे ती दुसऱ्या उद्योगाची: दुसऱ्यांच्या लिखाणाशी दिसणारं साम्य दहा टक्क्यांखाली आणायला दुसऱ्याचा परिच्छेद यंत्रातून फिरवून घ्यायचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत तो आकडा बसेल, पण उचललेला विचार उचललेलाच राहतो.

आणि मोडी. लिप्यंतराचा पहिला खर्डा यंत्राकडून घेतेस, घे. पण मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ओळ कुठं तोडायची हे त्या गावची, त्या खात्याची माहिती असलेलं डोकं ठरवतं. एका नोंदीच्या वाचनापायी मी अख्खा उन्हाळा पुरालेखागारात बसलोय. तेवढ्यात बरोबरीच्यांचे लेख छापून आले, बढत्या झाल्या. मला उशिरा मिळाली, कमी लेख म्हणून. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला सांगू? पण माझ्या कुठल्याही तळटिपेवर बोट ठेव, कागद काढून दाखवतो. हट्ट म्हण हवं तर. कागद पाहिला नाही, तर तळटीप नाही.

तू दमली आहेस, शिष्यवृत्तीचे पैसे रखडलेत, घरचे लग्नाचं काढतात. सगळं कळतं मला. तरी यात सूट नाही.

ते दोन लेख आजच काढ. करवीर सरकारच्या गॅझेटात तो आदेश छापलेला आहे, तो मिळवून स्वतः वाच. मग काय, कुठं, कशासाठी वापरलंस ते मार्गदर्शकांना आपणहून सांग. रागावतील. फारच रागावले तर मी त्यांच्याशी बोलेन, पण माझ्याकडे येताना गॅझेट वाचून ये.