जिल्हा तोच, कपाट वेगळे

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाची १९५१ पासूनची लोकसंख्या आणि मराठी बोलणाऱ्यांचा आकडा हवा आहे. ग्रंथालयात ‘कर्नाटक’खाली १९५१ च्या जनगणनेचे पुस्तक मिळत नाही. ते छापलेच नव्हते का? (एक शिक्षक, खानापूर)

उत्तर : छापले होते. सरकारी पुस्तकाचा कर्ता म्हणून ग्रंथालयाच्या तालिकेत त्या वर्षीच्या सरकारचे नाव लागते, घोळ तिथे होतो. १९५१ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळून तो म्हैसूर राज्यात गेला आणि म्हैसूरचे ‘कर्नाटक’ झाले १९७३ मध्ये. म्हणून १९५१ चे डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक, म्हणजे जिल्ह्याचे जनगणना-पुस्तक, ‘बॉम्बे’खाली, १९६१ व १९७१ चे ‘मैसूर’खाली आणि १९८१ पासूनचे ‘कर्नाटक’खाली शोधा. जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंगही जुनेच, ‘बेलगाम’ वाचले जाते ते, टाका. ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव २०१४ चे. नव्या नावाने शोधून एकही नोंद आली नाही की माणूस परत फिरतो आणि पुस्तक मागच्या कपाटात तसेच राहते.

हँडबुक हातात आले की आधी तालुका, मग त्यातली गावांची यादी. गावाचा क्रमांक टिपून घ्या, पण दुसऱ्या जनगणनेत तोच क्रमांक चालेल असे धरू नका. दर वेळी नाव आणि शेजारची दोन गावे ताडून पाहा. जोडगावांत चूक हमखास होते. बेळगाव तालुक्यातली कंग्राळी घ्या : ‘बी. के.’ म्हणजे बुद्रुक, ‘के. एच.’ म्हणजे खुर्द. ओळ एक खाली सरकली की दुसऱ्याच गावची माणसे तुमच्या वहीत येतात. २०११ च्या हँडबुकाचे दोन भाग आहेत. ‘ए’ भागात शाळा, पाणी, रस्ते, तर लोकसंख्या ‘बी’ भागात.

जिल्ह्याच्या बेरजा मात्र जशाच्या तशा शेजारी मांडू नका. १९५१ च्या बेरजेत चंदगड आहे, १९६१ च्या बेरजेत नाही. त्यासाठी ‘ए-२’ हा तक्ता मागा; त्यात १९०१ पासूनचे आकडे नंतरच्या हद्दीप्रमाणे जुळवून दिलेले असतात.

भाषेचे आकडे वेगळ्या तक्त्यांत असतात; १९५१ मध्ये ‘डी’ मालिकेत, २०११ मध्ये ‘सी’ मालिकेत. २०११ साठी ‘सी-१६’ पाहा. तो तालुक्यापर्यंत उतरतो, गावापर्यंत नाही. सीमाभागात या आकड्यांना किती वजन आहे ते तुम्ही जाणताच. तेव्हा कोणी २०११ चा गावनिहाय भाषिक आकडा पुढे केला तर तक्त्याचा क्रमांक आणि पान जरूर विचारा.

प्रश्न : ‘गॅझेट’ मागितले तर जाडजूड ‘गॅझेटियर’ हाती दिले. त्यात निपाणी तालुकाच नाही! (एक वाचक, निपाणी)

उत्तर : गॅझेट म्हणजे राजपत्र, त्यात अधिसूचना निघतात. ते शोधायला तारीख लागते, भाग माहीत असेल तर आणखी बरे. नुसत्या विषयावरून मागितले तर ग्रंथपालांनाही गठ्ठेच्या गठ्ठे उलटावे लागतात.

गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ. तुम्हाला मिळाला तो बहुधा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड, १८८४ चा, कॅम्बेल यांनी संपादलेला. त्या वेळी तालुके सात : अथणी, चिकोडी, गोकाक, परसगड, बेळगाव, खानापूर, संपगाव. निपाणी चिकोडीत पाहा. सौंदत्तीचे वाचक असाल तर परसगड, बैलहोंगलचे असाल तर संपगाव. गावांची माहिती शेवटच्या ‘प्लेसेस’ प्रकरणात आद्याक्षरांनी लावलेली आहे, म्हणून पहिल्या पानापासून वाचत बसू नका. हा खंड आर्काइव्ह डॉट ऑर्गवरही आहे. तिथे स्कॅनचा पानक्रमांक आणि छापील पानक्रमांक वेगळे असतात. वहीत छापील लिहा.

घडीचा नकाशा असेल तर तो झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका. जुना कागद घडीवरच फाटतो. टेबलावर सपाट उघडून, परवानगी घेऊन, वरून फोटो काढा आणि त्याच फोटोत प्रमाणपट्टी येईल असे पाहा.