उंदरांची सूज उतरली, म्हणून मुलीचा पंप थांबवावा का?

ताई, हळदीतल्या कर्क्युमिनमुळे उंदरांच्या श्वासनलिकांची ॲलर्जिक सूज उतरली, अशी बातमी आपण वाचली आणि चौदा वर्षांच्या मुलीचा रोजचा स्टेरॉइड पंप बंद करून कर्क्युमिनच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का, असे विचारले आहे. पंप बंद करू नये, हे आधीच स्पष्ट लिहितो. मुंबईतल्या एका औषध कंपनीत दम्यावरील औषधांच्या प्राणी-चाचण्यांवर मी बरीच वर्षे काम केले आहे, तेव्हा अशा बातमीमागे नेमके काय मोजलेले असते ते सांगतो.

उंदराला आपल्यासारखा दमा आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्या भागातले ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर पोटात टोचून उंदराला आधी संवेदनशील करतात आणि काही दिवसांनी त्याच प्रथिनाचा फवारा हुंगायला लावतात. शेवटी श्वासनळीत बारीक नळी घालून सलाइन आत सोडतात, परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली कड्यासारखे केंद्रक आणि लालसर गुलाबी दाणे असलेल्या पेशी दिसतात, त्या इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीच्या सुजेत जमा होणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. औषध दिलेल्या उंदरांत त्यांची संख्या कमी भरली की ‘सूज उतरली’ असे लिहिले जाते. ते खरेच असते. परंतु अशा बहुतेक प्रयोगांत औषध फवाऱ्याच्या आधी दिलेले असते, म्हणजे सूज येण्यापूर्वीच, आणि आपली मुलगी तर कित्येक वर्षे सुजलेल्या श्वासनलिका घेऊन डॉक्टरांकडे जाते. शिवाय मुंबईत अंड्याचा फवारा हुंगून कोणाला दमा होत नाही. इथे गादीतल्या धुळीत राहणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव, झुरळे आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी हे खरे कारणीभूत असतात. म्हणूनच अलीकडे अनेक प्रयोगशाळा माइटचा अर्क उंदराच्या नाकात थेंबाथेंबाने देतात. ती पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते.

पेशी कमी होणे आणि रुग्णाला बरे वाटणे यांत किती अंतर असू शकते, याचे उत्तम उदाहरण मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. इओसिनोफिल वाढवणारा इंटरल्यूकिन-५ हा रेणू ज्या उंदरांत मुळातच तयार होत नाही, अशा उंदरांवरील १९९६ च्या एका प्रयोगात इओसिनोफिल साचले नाहीत आणि श्वासनलिकांचे जादा आकुंचनही दिसले नाही. मग या रेणूला अडवणारे मेपोलिझुमॅब सौम्य दमा असलेल्या २४ रुग्णांवर तपासले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी अनेकांची निराशा केली, कारण रक्तातले आणि थुंकीतले इओसिनोफिल घटले, पण ॲलर्जीकारक पदार्थ हुंगल्यानंतर काही तासांनी श्वासनलिका आकसतात, ते आकसणे तसेच राहिले. औषध जवळजवळ अडगळीत पडले होते. पुढे २००९ मध्ये, स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल सापडत राहतात अशाच रुग्णांची निवड करून आणि अटॅकच्या संख्येवर लक्ष ठेवून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, तेव्हा अटॅक स्पष्टपणे कमी झालेले दिसले. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. औषध तेच होते. कोणाला द्यायचे आणि काय मोजायचे, एवढेच बदलले आणि त्याला इतकी वर्षे लागली. प्रत्येक दमेकऱ्याची सूज इओसिनोफिलचीच असते असेही नाही, तरी ओव्हाल्ब्युमिनचा उंदीर मुख्यतः तेवढीच सूज दाखवतो.

कर्क्युमिनची आणखी एक अडचण अशी, की तोंडाने घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते आणि जे पोहोचते त्याचे यकृतात आणि आतड्यात झपाट्याने रूपांतर होते. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम दिले, तर शरीराच्या पृष्ठभागावरून काढलेला माणसाचा तुल्य डोस किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम येतो. पण ते केवळ गणित झाले, फुप्फुसापर्यंत किती पोहोचेल हे त्यावरून कळत नाही.

स्टेरॉइडची भीती मी समजू शकतो. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात लहानपणी काही वर्षे बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. पण पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट श्वासनलिकेत जातो, तर अचानक आलेल्या अटॅकमध्ये द्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो आणि सगळ्या शरीरात फिरतो. रोजचा पंप सोडून नुसत्या आराम देणाऱ्या निळ्या पंपावर राहिल्यास त्या गोळ्यांची वेळ अधिक वेळा येते. डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दमा काही महिने आटोक्यात असेल तर ते स्वतःच टप्प्याटप्प्याने कमी करतात.

जेवणातल्या हळदीबद्दल माझी काहीच हरकत नाही. कॅप्सूलचे मात्र लेबल पाहा: शोषण वाढावे म्हणून त्यांत बहुतेक वेळा मिरीतले पिपेरिन घातलेले असते आणि पिपेरिनमुळे थिओफिलिन या दम्याच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. मुलीला थिओफिलिनची गोळी चालू असेल, तर एकही कॅप्सूल देण्याआधी ती डबी डॉक्टरांना दाखवा.