बॅटल ब्रदर्स हा गेम पूर्ण किंमत देऊन घ्यावा का?

होय, मात्र तयार कथानकाची अपेक्षा नसेल तरच. हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओज या छोट्या संघाने 2017 मध्ये आणलेल्या या गेममध्ये आपण भाडोत्री सैनिकांची टोळी चालवतो, प्रत्येक नव्या डावात नकाशा नव्याने घडतो आणि लढाईत पडलेला माणूस बहुधा कायमचा जातो. त्यामुळे कालपर्यंत शेतमजूर असलेला एखादा गडी दहा-वीस लढाया टिकून ढाल पेलू लागला की त्याच्याविषयी खरी काळजी वाटू लागते, आणि माझ्या मते किंमत तिथेच वसूल होते.

चित्रे द्विमितीय असल्याने नांदेडमधील माझ्या जुन्या संगणकावरही तो सुरळीत चालतो. एक अडचण मात्र आपल्या भागात विशेष जाणवते: लढाई सुरू असताना सेव्ह करता येत नाही, म्हणून घरी इन्व्हर्टर नसेल तर भारनियमनाची वेळ पाहूनच मोठ्या लढाईला हात घालावा.

विस्तारसंच, म्हणजे गेममध्ये भर घालणारे वेगळे विकत मिळणारे भाग, नंतर घ्यावेत. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. परंतु सुरुवातीचे तास बहुतेकांचे हरण्यातच जातात, त्यामुळे तेवढ्यावरून गेम वाईट ठरवू नये.