स्नायू-सांध्यांच्या क्लिनिकला चिठ्ठी लिहिताना

नुसतं 'गुडघेदुखी, कृपया तपासा' असं लिहून पेशंट पाठवू नकोस. सुरुवातीला मीही तेच करायचो. दुखापत कशी झाली ते लिही: पाय रोवलेला असताना अंग वळलं, 'कट्' आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला, एवढ्या एका ओळीवरून समोरचा डॉक्टर एसीएल (गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध) फाटल्याचा संशय घेतो आणि लवकर बोलावतो. गुडघा अडकतो का, जिना उतरता येतो का, पेशंटला परत कशाकडे जायचंय, पळण्याकडे की फक्त कामावर, हेही लिही. व्यायाम दिला असशील तर कोणता, किती आठवडे. टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) दुखण्याला १२ आठवडे सहज लागतात, तिसऱ्या आठवड्यात 'गुण नाही' म्हणून पाठवण्यात अर्थ नाही.

एमआरआय आधीच काढायची घाई नको. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलेला दिसतो, मग पेशंट त्या रिपोर्टलाच धरून बसतो.

मात्र कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, किंवा तापाबरोबर सांधा लाल-गरम झाला, तर चिठ्ठी नाही, त्याच दिवशी इमर्जन्सी. आधी फोन कर.