प्रश्न तुमचे : चर्च कॅम्पवरचं डिस्क गोल्फ

उन्हाळी शिबिरांचे दिवस जवळ आले की अमेरिकेतल्या वाचकांच्या प्रश्नांना रानातली हवा लागते. यंदा डिस्क गोल्फवरचे प्रश्न निवडले आहेत. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: काठी-चेंडूऐवजी हातानं फेकायची प्लॅस्टिकची डिस्क, आणि जमिनीतल्या खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी बास्केट, वरून साखळ्या लोंबणारी. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फेकायचं, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक, असं बास्केटमध्ये जाईपर्यंत. टी ते बास्केट म्हणजे एक होल. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला.

मंडळाच्या शिबिरासाठी एका चर्चचा कॅम्प भाड्यानं घेतला आहे. तिथे नऊ होलचा छोटा कोर्स आहे. आमच्याकडे बीचवर खेळायची फ्रिसबी आहे, ती चालेल का? आम्ही दोघं आणि नऊ व तेरा वर्षांची मुलं आहोत. – शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

चालेल, पण मजा येणार नाही. फ्रिसबीची कड जाड आणि बोथट असते, व्यास मोठा असतो. ती हवेत तरंगते, वाऱ्यावर भरकटते आणि साखळ्यांवर आपटून बाहेर पडते. गोल्फच्या डिस्कचा व्यास साधारण 21 सेंटीमीटर असतो, कड वारा कापणारी असते आणि वजन 150 ते 180 ग्रॅम.

दुकानात गेलात की विक्रेता ड्रायव्हर (लांब फेकीची), मिडरेंज (मधल्या अंतराची) आणि पटर (जवळच्या फेकीची) असा तीन डिस्कचा संच पुढे करील. ड्रायव्हर राहू द्या. कॅम्पवरचे होल बहुधा 150 ते 220 फुटांचे असतात. तेवढ्यासाठी माणशी एक पटर आणि दोघांत मिळून एक मिडरेंज पुरते. डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिला वेगाचा. पटरवर तो 2 किंवा 3 असतो, मिडरेंजवर 4 किंवा 5. त्यावर 9, 11, 12 दिसलं तर ती डिस्क परत ठेवा. तिला लागतो तेवढा वेग नवख्या हाताला देता येत नाही आणि ती लगेच डावीकडे कोसळते. इनोव्हा कंपनीची पटर अवियार (2, 3, 0, 1) किंवा डिस्क्राफ्टची मिडरेंज बझ्झ (5, 4, उणे 1, 1) बहुतेक ठिकाणी मिळतात.

धाकट्याला 150 ग्रॅम किंवा त्याहून हलकी घ्या, तुम्हाला 165 ते 175. प्लॅस्टिक साधं, स्वस्तातलं घ्या. पटरला तेच हातात चांगलं बसतं. महागडं प्लॅस्टिक झाडांवर आपटूनही टिकतं, पण तळ्यात गेलं की दोन्ही सारखीच. रंग मात्र भडक हवा: गुलाबी, केशरी. हिरवी डिस्क पानांत आणि पांढरी फुलांच्या ताटव्यात पडली की शोधण्यातच दुपार जाते. मागे नाव आणि फोन नंबर मार्करनं लिहा, सापडलेली डिस्क लोक कॅम्पच्या ऑफिसात आणून देतात.

माझी डिस्क दरवेळी डावीकडे जाते, आणि मुलाची भलतीच उजवीकडे. दोघंही उजव्या हातानं बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) फेकतो. – एडिसन, न्यू जर्सी

थोडं डावीकडे जाणं हा दोष नाही. उजव्या हाताच्या बॅकहँडनं डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, आणि वेग संपत आला की डावीकडे झुकते. टीवर उभं राहून ते धरूनच नेम घ्या. 180 फुटांवर बास्केटच्या आठ-दहा फूट उजवीकडे एखादं झाड हेरा. डावखुऱ्यांसाठी सगळं उलटं.

पण डिस्क आधी वर चढत असेल, क्षणभर थांबल्यासारखी होऊन मग डावीकडे धपकन पडत असेल, तर कारण वेगळं आहे: पुढची कड वर उचललेली सुटते आहे. अंगठा डिस्कवर सैल पडला आणि मनगट वर मोडलं की हे होतं. उपाय जागच्या जागी करून बघा. डिस्क धरा, चारही बोटं कडेच्या आतून घट्ट, अंगठा वर सपाट दाबलेला. मनगट किंचित खाली वळवा, किटलीतून चहा ओतताना वळतं तेवढंच. उजवा खांदा बास्केटकडे करून आडवे उभे राहा, डिस्क छातीच्या खालच्या बाजूला सरळ रेषेत मागे न्या आणि त्याच रेषेत पुढे ओढा. हात अंगाभोवती गोल फिरवला की रेषा मोडते. धावत येऊन फेकायची घाई नको. जागेवरून शंभर फूट सरळ जायला लागली की मग पावलं.

मुलाचं कारण बहुधा मूठ. ओढताना तो डिस्क फार उशिरा सोडतो, हात उजवीकडे गेलेला असतो, म्हणून ती थेट तिकडे सुटते. ताकद लावण्याच्या नादात पकड अडकते. ताकद निम्मी करून दहा फेकी करायला सांगा. दुसरी शक्यता वाऱ्याची. समोरून वारा असला की तीच डिस्क जास्त वेगात असल्यासारखी वागते आणि उजवीकडे वळते. मागून वारा असला की उलट लवकर खाली आणि डावीकडे येते. समोरच्या वाऱ्यात डिस्कची बाहेरची, हातापासून लांबची कड थोडी खाली झुकवून फेकावी. याला खेळाडू हायझर म्हणतात.

डिस्क साखळ्यांवर बसली आणि पुन्हा बाहेर पडली. होल झाला की नाही? आणि बास्केटच्या वरच्या पट्टीवर जाऊन राहिली तर? – डॅलस, टेक्सास

दोन्ही वेळा नाही. डिस्क खालच्या जाळीत किंवा साखळ्यांत विसावली पाहिजे. वर डोक्यावर बसलेली मोजत नाहीत. ती खाली घ्या आणि बास्केटजवळून आणखी एक फेक मोजा.

डिस्क बाहेर का पडते, हे पाहण्यासारखं आहे. फिरत्या डिस्कची पुढची कड साखळीला घासते आणि उजव्या हाताची फेक असेल तर ती डावीकडे उसळते. खांबाच्या उजव्या बाजूला लागली तर उसळून खांबाकडे जाते आणि आत पडते. डाव्या बाजूला लागली तर उसळी बाहेरच. म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूनं खांबाच्या एक साखळी उजवीकडे नेम धरावा. कॅम्पवरच्या जुन्या बास्केटना साखळ्यांची एकच रांग असते. नव्यांना आत दुसरी असते. एकेरी रांगेत जोरात मारलेली डिस्क दोन साखळ्यांमधून आरपार निघते. तिथे पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची शेवटची फेक, हळू, पोहोचता पोहोचता खाली येणारा हवा.

कॅबिनच्या छपरावर, तळ्यात, झाडावर... नियम काय? आम्ही दरवेळी भांडतो. – सॅन होजे, कॅलिफोर्निया

कॅम्पवरच्या खेळाला एवढे पुरेत. जिथे डिस्क पडली तिच्या मागे उभं राहून पुढची फेक. बास्केटपासून 10 मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभे राहा, मगच पाऊल पुढे. त्याबाहेर फेकीच्या ओघात पुढे गेलं तरी चालतं. तळं, रस्ता, कॅबिनचं अंगण हे सीमेबाहेर ठरवा: एक दंडाची फेक, आणि डिस्क जिथून बाहेर गेली तिथे सीमेच्या एक मीटर आत ठेवून खेळा. झाडात अडकली तर बरोबर तिच्याखालच्या जागेवरून, दंड नाही. झाडावर दोन मीटरपेक्षा उंच राहिली तर दंड, असा एक नियम आहे, पण तो आधी जाहीर केला असेल तरच लागतो. हरवली तर तीन मिनिटं शोधायचं, मग एक दंड आणि मागच्या जागेवरून पुन्हा.

ज्याची डिस्क बास्केटपासून सर्वांत लांब, त्यानं आधी फेकायचं. हा शिष्टाचार वाटतो, पण मूळ कारण सुरक्षेचं आहे. त्याच्यापुढे कुणीच उभं नसतं. कॅम्पवर हे जास्त पाळावं लागतं, कारण मुलं कॅबिनमधून प्रार्थनेला किंवा जेवायला पळत निघतात आणि नेमकी होलच्या मधून जातात. समोर माणूस दिसला की थांबा. डिस्क सुटल्यावर कुणी आड आलं तर ‘फोर’ म्हणून मोठ्यानं ओरडा. आणि पोहोचल्यावर ऑफिसात दोन गोष्टी विचारा: दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत खेळायला परवानगी आहे का, आणि चॅपेलजवळचे होल प्रार्थनेच्या वेळी बंद असतात का.

आम्ही नाशिकहून मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलो आहोत. माझं वय 68, उजवा खांदा धरतो. नातू खेळायला बोलावतो. – नाशिक, सध्या अ‍ॅटलांटा

जरूर जा, काका. खांदा जुना दुखरा असेल तर डॉक्टरांना विचारून. डोक्यावरून फेकू नका. फोरहँडही (हात अंगाच्या बाजूनं पुढे आणून फेकणं) टाळा, त्यात कोपराला आणि खांद्याला झटका बसतो. 150 ग्रॅमची पटर घ्या, जागेवर उभं राहून कमरेपासून वळून फेका. नातवाबरोबर जोडी करा: दोघांनी फेकायचं, ज्याची जागा चांगली तिथून दोघांनी पुढची फेक. सत्तर फूट सरळ गेलेली तुमची फेक त्याच्या दीडशे फूट झुडपात गेलेल्या फेकीपेक्षा अनेकदा बरी ठरते. नऊ होलना चौघांच्या गटाला तासभर धरा. मुळांवरून आणि उतारावरून चालावं लागतं, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची काही कुटुंबं एका चर्च कॅम्पच्या देखभाल समितीवर आहेत. चार एकर जागा आहे, सहा जुन्या बास्केट आहेत, त्यांतल्या तीन वाकल्या आहेत. त्या दुरुस्त करून कोर्स नऊ होलचा करायचा आहे. – मिशिगन

नऊचा हट्ट सोडा. अगदी छोट्या नऊ होलनाही पाच एकर मोकळी जागा लागते, आणि तुमच्या चार एकरांत कॅबिन, वाटा, पार्किंग आहेत. कोंबून बसवलेल्या कोर्सवर एका होलची डिस्क दुसऱ्याच्या टीवर येते. त्यापेक्षा सहा होल नीट करा आणि प्रत्येकाला दोन टी द्या, एक 120 फुटांवर लहानांसाठी, एक 200 फुटांवर. दोन फेऱ्यांत बारा होल होतात. एका बास्केटपासून पुढची टी जवळ असावी आणि वाटेत दुसऱ्या होलची रेषा ओलांडावी लागू नये. कॅबिनच्या दिशेनं एकही टी तोंड करून नको. बहुतेकांच्या डिस्क डावीकडे वाहतात म्हणून इमारती उजवीकडे ठेवण्याचा सल्ला मिळेल. तो अर्धाच खरा आहे, उशिरा सुटलेल्या आणि डावखुऱ्यांच्या डिस्क उजवीकडेच येतात. दोन्ही बाजूंना पन्नासेक फूट मोकळे राखा.

बास्केट वाकतात त्याची कारणं दोन: मुलं साखळ्यांना लोंबकळतात, आणि काँक्रीट उथळ असतं. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि उथळ काँक्रीट वर ढकलते. खांब सरळ असेल तर फक्त पाया बदला. 12 इंच व्यासाचा खड्डा घ्या, किमान 24 इंच खोल, आणि तुमच्या भागात गोठण्याची खोली जास्त असेल तर तिथपर्यंत. तळाला 4 इंच खडी, पाणी निचरायला. त्यात बास्केटचा खांब आत बसेल अशी, कुलूप लागणारी नळी उभी करून काँक्रीट ओता. 24 इंचांच्या खड्ड्याला 80 पौंडांची दोन पोती जेमतेम होतात, तिसरं आणून ठेवा. नळीचं तोंड जमिनीच्या पातळीत हवं, नाहीतर गवत कापायच्या यंत्राचं पातं जातं. ओलं असतानाच लेव्हल दोन बाजूंनी लावून नळी ओळंब्यात आहे का पाहा. एका बाजूनं बघून समाधान मानलं की बास्केट दुसरीकडे कललेली निघते. दोन-तीन दिवस वाळू द्या. जमलं तर प्रत्येक होलला अशी दुसरी नळी वीस-तीस फुटांवर पुरा, बास्केट हलवली की घासलेलं गवत पुन्हा येतं.

खणण्याआधी 811 ला फोन करा. जमिनीखालच्या तारा-पाइप मोफत खुणा करून देतात. पण कॅम्पच्या स्वतःच्या लाइन, सेप्टिक टँक आणि विहिरीचे पाइप, त्यात बहुधा येत नाहीत. ते कॅम्पच्या जुन्या केअरटेकरकडूनच कळतील.

टी काँक्रीटची करायचा मोह होईल. 5 बाय 10 फूट, 4 इंच जाडीच्या एका टीला 80 पौंडांची 28 पोती लागतात. बारा टींचा हिशेब तुम्हीच करा. लाकडी चौकट ठोकून त्यात बारीक खडीचा चुरा कुटून घातला तरी चांगली टी होते, दरवर्षी भर घालावी लागते एवढंच. चिखल मात्र नको, पाय घसरून गुडघा वळतो. आणि प्रत्येक टीला पाटी: होल नंबर, अंतर, पुढच्या टीकडे बाण. पाहुणा हैराण होतो तो बाण नसल्यामुळेच.

तीन बास्केट दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील आणि पैसे नसतील, तर तिथे लाकडी खांब रोवा, छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारा, पट्ट्याला लागली की होल. यात कमीपणा नाही. 1975 मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला तेव्हा खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांनी नंतर तयार केली.

झुडपात गेलेली डिस्क काढताना पुरळ उठलं. काय काळजी घ्यावी? – पेनसिल्व्हेनिया

बहुधा पॉइझन आयव्ही. एका देठावर तीन पानं, मधल्याचा देठ लांब. अशा झुडपात हात घालू नका, काठीनं किंवा दुसऱ्या डिस्कनं ओढून काढा. झाडाचं तेल लागलं असं वाटताच, जमल्यास दहा मिनिटांच्या आत, साबणानं धुवा. ते तेल डिस्कवर, बुटांच्या नाडीवर, टॉवेलवर दिवसेंदिवस राहतं. पुरळ बरं होऊन पुन्हा उठतं ते त्यामुळे. डिस्कही भांड्यांच्या साबणानं धुवा, हातमोजे घालून. पुरळ चेहऱ्यावर आलं किंवा पसरत राहिलं तर डॉक्टर.

गोचिडीही असतात. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत पाहा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, पेटती काडी किंवा तेल लावू नका. लाइम आजार पसरवायला गोचिडीला साधारण चोवीस तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं महत्त्वाचं. नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा गोल लाल चट्टा पसरला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याची तारीख सांगा.