रशियातला नॅशनल बोल्शेविक पक्ष नेमका कसा संपला?

कागदोपत्री २००७ मध्ये, न्यायालयाने उग्रवादी ठरवून बंदी घातली तेव्हा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लेखक एदुआर्द लिमोनोव आणि राजकीय विचारवंत अलेक्सांद्र दुगिन यांनी कडवा राष्ट्रवाद आणि साम्यवाद यांची सरमिसळ करून तो उभारला होता. त्याचा झेंडा पाहिला की आजही अंगावर काटा येतो: नाझींसारखाच लाल, मधे पांढरं वर्तुळ, फक्त स्वस्तिकाच्या जागी काळा कोयता-हातोडा. मुखपत्राचं नाव ‘लिमोन्का’, बोलीभाषेत हातबॉम्ब! दुगिन १९९८ मध्ये बाहेर पडले, २००१ मध्ये लिमोनोव शस्त्रास्त्र प्रकरणात तुरुंगात गेले. २००४ मध्ये कार्यकर्त्यांनी आरोग्य मंत्रालयात घुसून पुतिन यांची तसबीर खिडकीतून फेकली. त्या पोरांनी त्यापायी कैद भोगली. मला सगळ्यात खटकतं ते हे, की २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर त्याच पुतिन यांच्या निर्णयाला लिमोनोव यांनी पाठिंबा दिला.