घरातलं मराठी बंद करायचं का?

“ताई, घरातलं मराठी आता बंदच करावं म्हणतेय,” आईनं खुर्चीत टेकता टेकताच सांगून टाकलं. “भाषांच्या भेंडोळ्यात पोरगा गोंधळलाय. चौथीत आहे आणि स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहीत नाही.”

मुलांच्या लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणी मी बघते. दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो. बडोद्यातल्या मराठी घरात मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत गुजराती. शाळा इंग्रजी माध्यमाची असते आणि हिंदी हा वेगळा विषय. शिवाय २०२३ च्या कायद्यानं गुजरातमधल्या सगळ्याच शाळांना पहिली ते आठवी गुजराती शिकवणं बंधनकारक झालंय. मूल कुठे अडलं की बोट आधी घरच्या भाषेकडे जातं, कारण तेवढीच एक आपल्या हातातली असते.

या आईला शाळेतूनच सल्ला मिळाला होता: घरी इंग्लिश बोला. दिवाळीपासून आईवडील दोघंही नेमानं तसं करत होते. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे ती गप्प झाली. आणि मुलगा? “जेवताना यस, नो, फिनिश्ड. बास. पूर्वी बोलून बोलून ताटातलं गार करायचा,” आई म्हणाली. मला लिहिण्यापेक्षा या गप्प जेवणाची काळजी जास्त वाटली.

मुलाला आजी सोन्या म्हणते. मीही इथे तेच म्हणते. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे काही तपशील बदललेत, आणि लिहायला आईवडिलांची परवानगी आहे.)

मी वह्या मागवल्या. इंग्रजीची वही बघून कुणीही शाबासकी दिली असती. अक्षर टपोरं, समास सोडलेला, तारखेखाली रेघ. ‘माय मदर’ नावाचा निबंध होता. ‘माय मदर इज अ टीचर. शी गोज टु स्कूल एव्हरी डे.’ आई तर सहकारी बँकेत कॅशियर आहेत. मी सोन्याला विचारलं, “आई शिकवते का रे?”

“नाही. बोर्डवर तसं होतं.”

आई हसल्या आणि पुढच्याच क्षणी त्यांचे डोळे भरून आले.

हिंदीच्या वहीत लाल गोळे पुष्कळ होते. श्रुतलेखनात त्यानं ‘काला’च्या जागी ‘काळा’ लिहिलं होतं. ळ मराठीत आहे, गुजरातीतही आहे, हिंदीच्या पुस्तकात मात्र तो भेटत नाही. दोन भाषांत ऐकलेलं त्यानं तिसरीत लिहिलं. कित्येक शब्दांवर शिरोरेघच नव्हती, कारण आदल्या तासाला गुजराती लिहून हात त्या सवयीत गेलेला. गुजरातीला डोक्यावरची रेघ नसते. त्यावर उपाय सोपा आहे. आधी अख्खा शब्द लिहायचा आणि मग एका दमात त्याच्यावर रेघ ओढायची, जसं आपल्या आजोबा-पणजोबांना शिकवलं होतं. या चुका म्हणजे गोंधळ नव्हे. उलट मूल एका भाषेचा नियम दुसरीत लावून बघतंय, म्हणजे त्याला नियम दिसायला लागलेत.

डोळे आणि कान तपासून झाले होते. मी त्याच्याकडून शाळेतल्या तिन्ही भाषांतलं वाचून घेतलं, न पाहिलेले शब्द घातले, थोडं लिहून घेतलं. वाचन वयाला साजेसं होतं. लिहिताना हात दुखत नव्हता, पेन्सिलीवर अवाजवी जोरही नव्हता. मग कोरा कागद पुढे ठेवून म्हटलं, “तुला हवं ते लिही.” पाच मिनिटं गेली. त्यानं तारीख घातली, खाली रेघ मारली आणि विचारलं, “मावशी, बोर्डवर कधी लिहिणार?”

ते पोर बोर्डाची वाट बघत होतं.

मी कागद बाजूला सारला आणि गप्पा सुरू केल्या, मराठीत. डिसेंबर लागला होता, रावपुऱ्यात पतंगांची दुकानं थाटायला लागली होती. विषय उत्तरायणावर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांवर गेला आणि सोन्या सुटला. काकांचा मांजा, गच्चीवरची फिरकी, ‘काय पो छे’ची आरोळी, आणि किन्ना, म्हणजे पतंग ज्याला धरून उडतो ते पतंगावरचे दोरे, कसे बांधायचे. हे शेवटचं ऐकताना मी पेन उचललं आणि तो बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घेत गेले. “कमान आणि ढढ्ढा जिथे एकमेकांवरून जातात ना, तिथे काडीनं दोन भोकं पाडायची. खाली ढढ्ढ्याच्या आजूबाजूला दोन. दोरा आतून घ्यायचा. गाठ मारायची. मग दोन्ही दोरे एकत्र करून अजून एक गाठ.” मराठी वाक्यात गुजराती शब्द होते, ते तसेच ठेवले. (कमान ही पतंगाची वाकवलेली आडवी काडी, ढढ्ढा ही मधली उभी.) वाचून दाखवलं तेव्हा तो कागदाकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

पुढच्या भेटीला मी त्याला पतंग आणायला सांगितला. आजीही सोबत आली होती. कागद समोर ठेवून, त्यात लिहिलंय तेवढंच आणि तसंच मी करत गेले. किन्ना बांधून पतंग उचलला तर एका अंगाला कललेला! आजी हसायला लागली. सोन्या कळवळून म्हणाला, “मावशी, मोजलं नाहीत! गाठ मारायच्या आधी दोरा ताणून कोपऱ्यापर्यंत नेऊन बघायचा, दोन्ही सारखे येतात का!”

“पण हे कागदावर कुठेय?”

त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं. ‘दोन्ही दोरे एकत्र करून’ याच्यानंतर काकपद (^) काढून वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘मोजून’. थांबला. खाली पूर्ण वाक्य घातलं. मग ‘अजून एक गाठ’ खोडून ‘घट्ट गाठ’ केलं. चौथीच्या त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं लिहिलेलं स्वतः सुधारलं होतं, आणि सुधारलं ते लाल पेनासाठी नव्हे, पतंग नीट उडावा म्हणून.

आईला मी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. लिहिताना दोन कामं एकदम चालतात. एक हाताचं: अक्षर, स्पेलिंग, काना-मात्रा. दुसरं डोक्याचं: काय सांगायचंय, आधी काय, मग काय, वाचणाऱ्याला काय माहीत नसणार. सोन्याच्या चार वर्षांतला लिहिण्याचा जवळजवळ सगळा वेळ पहिल्या कामात गेला होता. फळ्यावरचं उतरवणं त्याला उत्तम जमत होतं. दुसरं काम त्याला कुणी करायलाच दिलं नव्हतं. आणि ते काम ज्या भाषेत त्याला सहज जमतं, ती भाषा घरात बंद करायची म्हणजे उरलेली वाटही बुजवायची. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या आसपास हेच मांडलं, की एका भाषेत आलेली समज, गोष्ट रचण्याची आणि कारण सांगण्याची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. तळाशी दोन्हींचं पाणी एकच असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. इंग्रजी नको असं यातलं कुणीच म्हणत नाही, मीही नाही. ती शाळेत भरपूर मिळू दे. घरी मुलाला पूर्ण वाक्यात बोलायला मिळू दे.

आजी हे ऐकत होती. ती म्हणाली, “अहो, सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझे वडील त्याच शाळांत मराठी आणि गुजराती दोन्ही लिहायला शिकले, गोंधळ कसला?” मग जरा थांबून, “मला वाटलं, माझ्यामुळेच पोराचं नुकसान होतंय.” दिवाळीपासून ती हे मनात घेऊन गप्प बसली होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. प्रत्येक मुलाचं असंच असतं असं नाही. तिसरी-चौथीतही ओळखीचे सोपे शब्द अडखळत वाचणं, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिणं, आणि हे प्रत्येक भाषेत होणं. किंवा तोंडी सगळं येतं पण चार ओळींत हात भरून येतो, अक्षर कोसळतं. घरात आणखी कुणाला असाच त्रास झालेला असणं. असं असेल तर वाट बघू नका, रीतसर तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा) समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. ‘आळशी आहे’ म्हणून घालवलेली वर्षं परत आणता येत नाहीत.

आईच्या सांगण्यावरून मी वर्गशिक्षिकेला भेटले. मनात थोडा राग धरूनच गेले होते, तो तिथे पाच मिनिटांत मावळला. चाळीसवर मुलं, संपवायचा पोर्शन, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे. “मुलांना मनानं लिहू दिलं तर चुका होतात,” त्या बेन म्हणाल्या, “आणि चुकलेलं पान घरी गेलं की पालकच विचारतात, टीचरनं तपासलं नाही का.” खरं होतं. पीटीसीला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाला असताना त्या गिजुभाई बधेकांबद्दल शिकल्या होत्या. गिजुभाईंनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करत होत्या. बेनना ते सगळं पटलेलं होतं, फक्त पस्तीस मिनिटांच्या तासात बसवायचं कसं ते दिसत नव्हतं.

आम्ही ठरवलं ते अगदी थोडं होतं. एक वेगळी कच्ची वही, जिच्यात लाल पेन जाणार नाही. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं. आधी शेजाऱ्याला सांगायचं, मग चित्र, मग लिहायचं, आणि शब्द अडला तर कुठल्याही भाषेत लिहून पुढे जायचं. पालकांना बेननी चिठ्ठी पाठवली की या वहीतल्या चुका राहू द्यायच्या आहेत.

पहिला आठवडा वाया गेला. अर्ध्या मुलांनी शेजाऱ्याचं उतरवलं, काही नुसती तारीख घालून बसली. एका पालकांची तक्रार आली. बेननी मला फोन केला तेव्हा आवाजात थकवा होता. मी विचारलं, “तुम्हाला लिहिताना मुलांनी कधी पाहिलंय? उतरवून देताना नव्हे, विचार करत लिहिताना?” दुसऱ्या दिवशी त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि सकाळी स्कूटर बंद पडल्याचं लिहायला लागल्या. एक वाक्य लिहिलं, पुसलं, मोठ्यानं म्हणाल्या, “नाही, आधी पाऊस होता ते सांगायला हवं.” एका शब्दाचं स्पेलिंग अडलं, त्याच्याखाली रेघ मारून पुढे गेल्या. वर्ग चिडीचूप. टीचर खोडतात हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्या दिवशी बहुतेक वह्यांत काही ना काही उमटलं.

व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं चित्राला लिहिण्याच्या आधीचं पाऊल मानलंय. बेनना ते सोन्याच्या वहीत दिसलं. त्यानं पतंग काढला आणि विचारलं, “टीचर, ढढ्ढाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?” बेन म्हणाल्या, मला नाही येत, तू बाण काढून दाखव. त्यानं बाण काढला आणि शेजारी गुजरातीत ‘ढढ्ढो’ लिहिलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी तो शब्द आपापल्या पतंगाला लावून घेतला.

घरी जेवताना मराठी परत आलं. आजीला बारीक दिसत नाही, म्हणून खंडेराव मार्केटची यादी आता ती सांगते आणि सोन्या लिहितो. ‘मेथी’ऐवजी एकदा ‘मेती’ लिहून गेला, भाजी मेथीचीच आली. मावशीआजीला फोनवर पाठवायचा निरोपही तोच टाइप करतो आणि पाठवायच्या आधी आजीला वाचून दाखवतो. यात अभ्यास आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, सांगूही नये.

सहामाहीच्या तुलनेत वार्षिक परीक्षेत त्याचे इंग्रजीचे गुण फारसे हलले नाहीत. मी आधीच बजावलं होतं, तरी आई जराशा हिरमुसल्या. पण शेवटच्या भेटीत त्यांनी पिशवीतून कच्ची वही काढली. कुणी न सांगता त्यानं पुन्हा ‘माय मदर’ लिहिलं होतं. ‘माय मदर काउंट मनी इन बँक. ऑन उत्तरायण शी होल्ड फिरकी. शी डोन्ट नो हाऊ टु गिव्ह ढील सो अवर काइट कट.’

“काउंटला एस हवा ना?” आईनं हळूच विचारलं. “सांगू का त्याला?”

“सांगा ना. पण आज ढीलबद्दल विचारा. एस उद्या.”